आबांच्या पंपाची भेग

जुन्नर
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय उज्ज्वलाआत्या,

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. तळेघरच्या वरच्या वाडीतला आबांचा पंप फुटलाय, असं मी लिहिलं होतं. तो फुटलेला नाही. मिस्त्रीने बोट ठेवून भेग दाखवली आणि मी मान डोलावली. परवा पुन्हा गेले आणि ती जागा खरवडून पाहिली. नौदलातल्या सवयीने आबा दर दिवाळीनंतर पंपाला जहाजाचा राखाडी रंग द्यायचे, तोही जुना रंग न काढता. थर भाकरीएवढे जाड झालेत. भेग त्या रंगाला आहे, खालचं लोखंड धड आहे. झिजलंय ते फक्त झडपेचं रबर. आणि येत्या रविवारी हाच पंप उखडून तिथे डिझेलचं इंजिन बसणार आहे.

तो पंप कसा चालतो ते तू लहानपणी पाहिलंयस. वीज नको, डिझेल नको. ओढ्याचं पाणी नळातून जोरात खाली येतं, झडप आपटते आणि त्या धक्क्याने थोडं पाणी वाडीच्या टाकीत चढतं. आता तो बंद आहे, म्हणून वाडीतली बयाबाई ओढ्यावरून हंडे वाहते. मला म्हणाली, "आबांचा पंप ठकठक करायचा तवा लेकरं गुमान झोपायची. आता लई सुनं वाटतं, आन् कंबर तर पार गेली बघ."

नातीला दमा म्हणून चौथीपर्यंत आबांनीच मला घरी शिकवलं. अपूर्णांक मी पान्ह्यांवर कोरलेल्या मापांवरून शिकले. येडगाव धरणाच्या दारांचं काम बघून ते दमून यायचे, तरी माझं गणित बघायचे. उत्तर बरोबर आलं तरी विचारायचे, "तपासलंस का?" अजून मी कुलूप लावून दोनदा मागे फिरते ती त्यामुळेच. चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, म्हणून त्यांना पुढच्या बाकाचा मान होता, पण उपासनेआधी चपलांची जागा ते स्वतः झाडायचे. पाळक ओशाळले की म्हणायचे, "पाळकसाहेब, तुम्ही वचन सांभाळा. डेक माझा."

परवाच्या उपासनेनंतर मी मंडळीच्या पंचांसमोर उभी राहिले. इंजिन नको, पंप मीच दुरुस्त करते, असं सांगितलं. पंचांतले रामदासकाका हसले, "पान्हा घेऊन डोंगर चढणार? पोरी, नवरा नाय मिळायचा!" मी म्हटलं, "काका, पान्हा तर मिळालाय." सगळे हसले, पण इंजिनाचं कुणी मागे घेईना. देणाऱ्याचं मन मोडवत नाही, म्हणाले.

देणारी तू आहेस आत्या, म्हणून हे पत्र. माझ्या चुकीच्या पत्रावर विश्वास ठेवून तू आबांच्या स्मरणार्थ इंजिन दिलंस. त्यावर त्यांचं नाव कोरलेलं पाहून मी रडले. पण वाडीपर्यंत डिझेलचा कॅन कोण वाहणार? पुन्हा बयाबाईच. पाळकांना फोन करून थोडं थांबायला सांग. तू रागावलीस तर मला फार लागेल, तरी मी थांबणार नाही. ट्रकच्या ट्यूबमधून रबर कापून ठेवलंय, दोनदा मोजून. घोडेगावहून पहिली एसटी धरून मी शनिवारी, १५ नोव्हेंबरला, झडप बसवायला वाडीत जाते आहे.

तुझीच,
आरोही