फाटकापाशी राहिलेली दोन रोपं

मॅडम, तुमच्या हातची चिठ्ठी लावलेला तो कागद अजून माझ्या नर्सरीच्या ऑफिसात, खुर्चीच्या मागं लावला होता तिथंच, काच बसवून टांगलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे वाळलेलं पान कशाला जपलंय? मी म्हणतो, ही माझी पदवी. लोक हसतात, मीही हसतो आणि हसता हसता दोन रोपं जास्तीची खपवतो. तुम्हाला हे आवडलं नसतं, पण हसला असतात.

मी कॉलेजची जीप चालवायचो तेव्हाची गोष्ट. तुम्ही मागं बसून पोरापोरींना झाडांची नावं सांगायचात आणि मी पुढं गिअर बदलत ऐकायचो. इंग्रजी अक्षरं धड लागत नव्हती, पण कान पहिल्यापासून तेज. म्हैसमाळच्या घाटात एका पोराला करंजाचं नाव काही केल्या आठवेना, तेव्हा माझ्याच तोंडून निघून गेलं, पोंगामिया पिनाटा. जीपभर हशा पिकला. तुम्ही तेवढ्या हसला नाहीत. खाली उतरल्यावर म्हणालात, "ड्रायव्हरसाहेब, उद्यापासून वही आणा. कानानं आलेलं कानानंच निघून जातं." मग पोरं डबे खात असायची आणि मी बॉनेटवर वही ठेवून अक्षरं गिरवायचो. पहिलं नाव मोठ्या अक्षरानं सुरू करायचं, दुसरं बारक्या, आणि हातानं लिहिलं तर दोन्हींखाली वेगवेगळी रेघ. मी एकच लांब रेघ ओढून मोकळा व्हायचो. तुम्ही न चिडता ती खोडायचात. पहिलं घराण्याचं, दुसरं त्याचं स्वतःचं, दोघांना एका रेघेत बांधू नका, म्हणायचात.

पुढं उस्मानपुऱ्यात भाड्याच्या तुकड्यावर मी नर्सरी टाकली. वैजापूरच्या एका हकीमसाहेबांना रक्तचंदनाची चाळीस रोपं हवी होती. झाडं मोठी झाली की लाकूड औषधाला वापरायचं, असा त्यांचा बेत. लाल चकचकीत बी दिसलं की रक्तचंदन, हे तेव्हा आमच्या धंद्यातलं शास्त्र. मी रोपं पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. उरलेल्या रोपांतल्या एकाचं पान तुम्ही बोटांत धरता, उलटं करता, आणि मला तुमच्या तोंडावरूनच कळतं.

"रक्तचंदनाला एका देठावर तीन पानं. हे तर पिसासारखं आहे. ही रतनगुंज. ॲडेनँथेरा पॅव्होनिना."

मी म्हणालो, लाकूड तर हिचंही लालच असतं की.

"तो माणूस वीस वर्षं वाट बघणार आणि मग दुसऱ्याच लाकडाचं औषध रोग्याला देणार. त्या दिवशी तुम्ही तिथं असाल का?"

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

मी टेम्पो घेऊन वैजापूरला गेलो. हकीमसाहेब नमाजाला गेलेले, घरी त्यांचा मुलगा. फाटकापाशी दोन रोपं लावून झाली होती, आळं करून पाणीसुद्धा घातलेलं. मी मुलाला म्हणालो, रोपांना कीड आहे, दुसरी देतो. हकीमसाहेब यायच्या आत निघायचं होतं, म्हणून ती दोन तशीच सोडली. तुम्ही विचारलंत, सगळी आणली? मी म्हणालो, सगळी. खरी चाळीस नंतर तुम्हीच मिळवून दिलीत. आणि त्याच आठवड्यात रतनगुंजेची एक डहाळी दाबून, वाळवून, कागदावर टाचून घेऊन आलात. खाली दोन नावं, दोन रेघा, आणि गोळा करणाऱ्याच्या जागी माझं नाव. म्हणालात, या जागी लिहिलेलं नाव माणसापेक्षा जास्त टिकतं. माझ्यासारख्याचं नाव तोवर रेशनकार्डाशिवाय कुठं लागलं नव्हतं.

आज माझ्याकडं प्रत्येक कुंडीवर दोन नावांची चिठ्ठी असते. मोठमोठ्या बागांची कामं येतात ती त्या चिठ्ठ्यांमुळं. वीस वर्षं कधीच उलटून गेली, तुम्हीही गेलात, आणि वैजापूरचं काम आलं की मी माणूस पाठवायचो, स्वतः जात नव्हतो. मागच्या आठवड्यात गेलो. दोन्ही झाडं उभी होती, खोडाला कुऱ्हाड लागलेली नव्हती, खाली लाल बियांचा सडा. हकीमसाहेब आता नाहीत. मुलगा दवाखान्यात बसतो, दाढी पांढरी झालीय. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

तो हसायला लागला. "भाईजान, वो तो अब्बा कू तीसरे सालइच समझ गया था, पत्ता देखके. मैं बोला, काट देते. तो बोले, रहने दे, वो आदमी एक दिन खुद बोलने कू आएगा." मग चहा पुढं सरकवत म्हणाला, "हम तो राह देखनाइच छोड़ दिए थे."

दोन्ही खोडांना चिठ्ठ्या बांधून आलो. दोन नावं, दोन रेघा.

हे पत्र टाकायला पेटी कुठली शोधू? अडतीसच आणली होती, मॅडम. तो कागद खुर्चीच्या मागं लावला तो शोभेसाठी नव्हे, समोर असता तर रोज वाचावा लागला असता म्हणून. काल खुर्ची फिरवून घेतली.