पाच कारणे आणि साडेपाचची वेळ

७ ऑक्टोबर १९५७, सोमवार

आज उरणच्या वाचनालयात मार्तंडरावांनी सर्वांसमक्ष विचारले, "धर्माजीराव, रशियाचा चंद्र आभाळात फिरतोय. तुमचा देव त्याला वाटेत कुठे भेटला नाही म्हणतात." सगळे हसले. हे पेन्शनर सायन्स मास्तर, पक्के नास्तिक. दिवेआगरची सुपारीची वाडी भावावर सोपवून इथे राहायला आले, ते बहुधा माझ्याशी वाद घालायलाच. मला चोख उत्तर सुचले, पण जिना उतरल्यावर.

संकल्प: विज्ञानयुगात ख्रिस्ती विश्वास का धरावा, याची पाच कारणे मुद्देसूद लिहायची. १ डिसेंबरला त्याच वाचनालयात लेक्चर. मी मीठखात्यात कारकून असेन, पण आमच्या ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे नेमलेला पुढारी, आहे. पाद्रीसाहेब महिन्यातून एकदाच मुंबईहून येतात. एरवी मंडळी सांभाळायची ती मीच.

किरकोळ: सोनूबाईचा निरोप. मिठागरावर चाळीस वर्षे उन्हात राबून म्हातारीचे डोळे गेले, आता अजिबात दिसत नाही. संध्याकाळी साडेपाचला येऊन पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखव म्हणते. आजाऱ्यांना भेटणे हे वडिलाचे कामच आहे. उद्या जातो.

८ ऑक्टोबर

गेलो नाही. पहिले कारण हाताशी आले होते.

कारण १: कचेरीत टेबलावर कागद आपोआप येत नाही, कुणीतरी पाठवलेला असतो. मग एवढे विश्व आपोआप कसे येईल? मार्तंडराव विचारणार, पाठवणाऱ्याला कुणी पाठवले? उत्तर तयार आहे. साहेबावर साहेब असतात, पण शेवटी कुणाचाच कारकून नसलेला असा एक असावाच लागतो. नाहीतर सहीच होणार नाही.

११ ऑक्टोबर

कारण २: नारळ. उन्हाळ्याच्या मुलखात गोड पाणी, तेही गाळून, कवचात बंद करून ठेवलेले. योजना आहे म्हणजे योजणारा आहे. केसर म्हणाली, मग उतरवायला इतका उंच का योजला? माझ्या बायकोला तर्कशास्त्राची आवड नाही.

ती सोनूबाईकडे कालवण देऊन आली. सांगत होती, म्हातारीला वाचणारा मिळालाय. कोण ते मी विचारले नाही. देव पुरवतो. हे दुसऱ्या कारणात घालता येईल.

१९ ऑक्टोबर. सायंकाळी ५.४५

कारण ३: सदसद्विवेक. कुणी पाहत नसताना, कुणी विचारत नसताना माणसाचे मन त्याला खाते. हा आतला मुकादम कुणी नेमला? हे कारण फार जोरदार उतरले आहे. पुरावा शोधायला लांब जावे लागले नाही. गेले दहा दिवस रोज साडेपाचला छातीत काहीतरी टोचते.

पुरावा मिळाल्याच्या आनंदात जायचे राहिले.

२७ ऑक्टोबर, रविवार

पाद्रीसाहेब सकाळच्या लाँचने आले. आल्याबरोबर त्यांचा आजाऱ्यांच्या घरी फेरा असतो, आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न: वडील येतात का? मी प्रार्थनेच्या वेळी मागच्या बाकावर बसलो होतो.

उपदेशाच्या मध्येच त्यांनी माझे नाव घेतले. म्हणाले, सोनूबाई सांगते की धर्माजी रोज साडेपाचला न चुकता येतो. शेजारच्या बाबाजीने माझी पाठ थोपटली.

मी काही बोललो नाही. भर उपदेशात पाद्रीसाहेबांना अडवणे शिस्तीला धरून नाही. नंतर त्यांना लाँच गाठायची होती. एकूण संधी मिळाली नाही.

उघड आहे की म्हातारीचा गैरसमज झालाय. दिसत नाही, कुणीतरी वाचतो, तिला वाटते मीच.

२८ ऑक्टोबर

शहानिशा करायला गेलो. गल्लीच्या कोपऱ्यावरूनच दिसले. सोनूबाईच्या ओट्यावर मार्तंडराव. नाकावर चष्मा, मांडीवर तिचे फाटके शास्त्र. एक ओवी वाचतात आणि तिच्याशी भांडतात. ती हसते आणि म्हणते, पुढं वाच.

आणि मी समजत होतो, माझ्या मुद्द्यांना भिऊन संध्याकाळी वाचनालयात यायचे टाळतात.

परत फिरलो. घरी केसरला म्हटले, आमचे आवाज सारखे असावेत. ती म्हणाली, तुमचा आवाज पिपाणीसारखा, त्यांचा ढोलासारखा. मग भाकरी थापत बसली.

५ नोव्हेंबर

रशियाने आभाळात कुत्री पाठवली. मार्तंडराव दुपारी वाचनालयात होते, पण गप्प. मीच डिवचले. तर म्हणाले, सोनूबाईला बातमी वाचून दाखवली, तिने विचारले, तिला तिथं खायला कोण घालतं? "धर्माजीराव, तीस वर्षं सायन्स शिकवलं. मला उत्तर देता आलं नाही."

हा हल्ला करण्याचा उत्तम क्षण होता. केला नाही. का कोण जाणे.

१० नोव्हेंबर

कारण ४: साक्षीदार. प्रभू मेलेल्यांतून उठला, हे अकरा साध्या माणसांनी सांगितले. मार खाल्ला, जीव दिला, पण शब्द फिरवला नाही. खोटे असते तर एक तरी फुटला असता. खोटे फार दिवस टिकत नाही. आमच्या कचेरीत शनिवारपर्यंतसुद्धा टिकत नाही.

माझे चौदा दिवस टिकले आहे. 'खोटे टिकत नाही' हे वाक्य खोडले. त्यामुळे कारण लंगडे झाले. पुन्हा लिहिले.

२४ नोव्हेंबर, रविवार

पाचवे कारण अडले होते: विश्वासाने बदललेली माणसे. उदाहरण मिळेना. पाद्रीसाहेबांना विचारले. ते म्हणाले, उदाहरण तुम्हीच आहात, सोनूबाईचे सांगा. माझे कान तापले. पाहतो म्हणालो.

बुधवारी नक्की जाऊन तिला सगळे सांगून टाकायचे.

२७ नोव्हेंबर, बुधवार

लेक्चरची रिहर्सल. सोनूबाईकडे शुक्रवारी.

१ डिसेंबर, रविवार

लेक्चर झाले. अकरा श्रोते. पैकी तिघे वर्तमानपत्र वाचायला आलेले. एक, दोन, तीन ठीक. चौथे घाईत उरकले.

पाचव्याला मी म्हणालो, "आपल्याच गावात एक मनुष्य एका आंधळ्या म्हातारीकडे रोज जाऊन वाचतो. कशासाठी?" नाव घेतले नाही. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या खोटे बोललो नाही. पण बाबाजी माझ्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याला काही सांगत होता.

मार्तंडराव पहिल्याच रांगेत. वाटले, आता उठतात आणि माझी टोपी उडवतात. ते उठले. म्हणाले, "पहिल्या चारांवर मी रात्रभर भांडेन. पाचव्याला माझ्याकडे उत्तर नाही." मग घड्याळ पाहिले, छत्री उचलली आणि निघाले. पाच वीस झाले होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली. इथे स्पष्टच लिहितो, लाज वाटली.

२ डिसेंबर, सोमवार

गेलो. मार्तंडराव ओट्यावर होतेच. मी उभ्याउभ्या सुरू केले: सोनूबाई, तुझी फसगत झाली, रोज वाचणारा तो मी नव्हे.

तिने पुरते बोलू दिले. मग म्हणाली, "धर्मा, मी आंधळी हाय, बहिरी न्हाय."

मग तसे का सांगितलेस, विचारले. म्हणाली, खरे सांगितले असते तर पाद्रीसायबाने तुझे वडीलपण काढून घेतले असते. आज ना उद्या येशील असे वाटले. "पर या वयात मला लबाडी बोलाया लावलीस. म्हनून मास्तरांकडून रोज पश्चात्तापाचं स्तोत्र वाचून घेते. आपल्या पापासाठी."

मार्तंडराव चष्मा पुसत राहिले. पाच आठवडे हा नास्तिक माणूस, माझ्यापायी झालेल्या खोट्याची माफी, तिच्या वतीने माझ्या देवाकडे मागत होता. मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो.

वाटणी झाली. मार्तंडराव सोमवार, बुधवार, शुक्रवार सोडायला तयार नाहीत. मला मंगळवार, गुरुवार, शनिवार. रविवारी दोघे. पाद्रीसाहेबांना पत्र लिहिले. वडीलपण ठेवायचे की काढायचे, ते त्यांनी ठरवावे. उद्या जायचे. जायचेच.

३ डिसेंबर, मंगळवार

कचेरीत तपासणी. साहेब हलेनात. धावत पोचलो तेव्हा सहा वाजले होते.

दोघे ओट्यावर बसलेले. शास्त्र मिटलेले. मार्तंडराव म्हणाले, अर्धा तास झाला, वाचू देत नाहीत, धर्मा येतो म्हणालाय म्हणतात.

पाच कारणे खिशात होती. काढली नाहीत. तिने विचारले, काय वाचतोस? मी म्हटले, तेच, पश्चात्तापाचे. आजपासून माझ्या खात्यावर.

चौथ्या ओवीला ती घोरू लागली. मी थांबलो. मार्तंडराव डोळे मिटून म्हणाले, "वाचा. मी ऐकतोय."

वाचले. दोन ठिकाणी चुकलो. त्यांनी डोळे न उघडता दुरुस्त केले.