बन्सीधरच्या पायातली नाडी

४ फेब्रुवारी १९७४, सेलू
आज नर्सच्या नोकरीवर रुजू झाले. स्टेशनवर दवाखान्याचा टांगा उभा होता. बाबांना लिहायलाच हवं! खिडकीतून जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या गंज्या दिसतात. डॉक्टर दिनकररावांनी स्वतः सगळं दाखवलं. शीतपेटीतल्या बरण्यांत मेलेल्या माणसांच्या रक्तवाहिन्या औषधी पाण्यात जपून ठेवल्यात. ज्याच्या पायात रक्त उतरत नाही त्याला त्यातली एक जोडायची, म्हणजे पाय कापावा लागत नाही. अशा ठिकाणी पहिली नोकरी!

७ फेब्रुवारी
देवगाव फाट्यावर ट्रकनं उडवलेला झरीचा आश्रुबा आमच्या टेबलावरच गेला. त्याच्या मांड्यांतल्या वाहिन्या डॉक्टरांना हव्या होत्या. बायको, चांगुणाबाई, बाहेर बसलेली. कागद संमतीचा होता; नोंदीचा आहे असं तिला सांग, डॉक्टर म्हणाले. मी सांगितलं. अंगठाही मीच धरून उमटवला. बाबांनी आमच्या गल्लीत बायाबापड्यांना सही शिकवली, आणि मी हे केलं.

११ फेब्रुवारी
बन्सीधर शिंप्याचा डावा पाय काळा पडत चालला होता. त्याला आश्रुबाची वाहिनी जोडली. संध्याकाळी पाऊल कोमट लागलं. आता मशीन चालवता येईल म्हणून तो रडला.

१३ फेब्रुवारी
बन्सीधरच्या मनगटाची नाडी ऐंशी. जोडलेल्या पायाच्या पावलाची बावन्न. तीनदा मोजली. कुसुम, तू नवीन आहेस, मोजायला चुकतेस, असं डॉक्टर म्हणाले. मग स्वतः मोजली, आणि हात धुवायला गेले.

१५ फेब्रुवारी
चांगुणाबाई आली. भांडली नाही. पायरीवर बसून म्हणाली, "तीन डाव सरण रचलं, बाई. समदं जळलं, मांड्या जळंनात. तुमी त्येन्ला काय केलं?"
मी खरं सांगितलं. तिला आत नेलं. तिनं बन्सीधरच्या पावलावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.
"हेच हायती," म्हणाली.

१६ फेब्रुवारी
बन्सीधर सारखा सांगतो, पाय माझं ऐकंना, खाटंवरून उतरायलाय. पट्ट्यांनी बांधलाय. वाहिनी काढा म्हणून मी डॉक्टरांच्या पाया पडले. नाही म्हणाले.

१७ फेब्रुवारी, दुपार
बन्सीधर गेला. दोन वाजून दहा मिनिटं. छाती गप्प. डोळे मी मिटले.
पाऊल गरम. बावन्न —

चार वाजता
अजून बावन्न. डॉक्टर म्हणतात, वाहिनी अजून चांगली आहे, काढून पुन्हा बरणीत — मी दारात आडवी उभी राहिले. मला ढकलून आत गेले. कडी लावली.
दोन दिवस पायरीवर बसून राहिलेली चांगुणाबाई उठली आहे. ती दाराकडंच —
पट्ट्या तुटल्याचा आवाज. डॉक्टर हाक मारत नाहीत. आत कोणीतरी चालतंय, एकच पाय टेकत —
कडी आतून निघतेय —