काळाचौकी यादीत नाही

सोम., ३ मार्च

रेफरल सॉफ्टवेअर आलं एकदाचं. ट्रस्टच्या फिजिओथेरपी सेंटरांचे पत्ते आणि तिथे बसणारे थेरपिस्ट त्यात भरायचे, ते काम माझ्याकडे. ऑपरेशन्सचे देसाई सर म्हणाले, रंजनाताई, एकोणीस वर्षं झाली तुम्हाला, सगळं तोंडपाठ आहे, तुम्हीच करा. १७ तारखेपासून परळच्या हॉस्पिटलात चालू. मग कागदाच्या चिठ्ठ्या बंद. डॉक्टर स्क्रीनवर सेंटर निवडणार, थेरपिस्ट निवडणार, पेशंट थेट आमच्याकडे.

सरांच्या यादीत सेंटरं तीन. गिरगाव, दादर, परळ. आमचं चौथं, काळाचौकी, नाही. वाटलं टायपिंगमध्ये राहिलं. विचारलं तर म्हणाले, ते नंतर बघू.

मंगळ., ४ मार्च

गिरगाव झालं, परळ झालं. पत्ता, पिन कोड, वेळा, कुठला मजला, लिफ्ट आहे का. दादरला पहिला मजला, लिफ्ट नाही. तसंच भरलं.

मग थेरपिस्ट. वैशाली गायकवाडचं नाव दादरच्या खाली, सोम ते शनि. ती अकरा वर्षं काळाचौकीला बसते! लगेच फोन लावला. तिला काही पत्ताच नव्हता. म्हणाली, "म्हणजे माझी बदली झाली, आणि मला तुझ्याकडून कळतंय."

घरी जाताना तिच्याकडे डोकावले. तळमजल्याची खोली, दोन खाटा, चालायला शिकवायच्या दोन लोखंडी दांड्या. एक आजोबा दांड्या धरून उभे होते, वै. त्यांच्या कमरेला हात लावून. बोलायला वेळ नव्हता तिला. बाहेर बाकावर आणखी चौघं.

गुरु., ६ मार्च

दे. सरांना गाठलं. आज सरळ बोलले. खोली रक्ततपासणीवाल्यांना द्यायचं चाललंय. ठराव नाही झालेला, पण होईल. तोपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये घालायचं नाही. तीन महिन्यांनी पेशंटचे आकडे बघून ठरवू म्हणाले.

मी म्हटलं, सर, स्क्रीनवर नावच नसेल तर डॉक्टर पाठवणार कसा? आकडा शून्यच येणार. मग शून्य दाखवून बंद करणार.

ते म्हणाले, तुम्ही फार पुढचा विचार करता.

म्हटलं, "ठीक आहे. काळाचौकी भरू नका, एवढं लेखी द्या. मेल चालेल."

मेल करतो म्हणाले. सहा वाजेपर्यंत तीनदा बघितला. नाही आला.

सोम., १० मार्च

शुक्रवार गेला, आज सोमवार. मेल नाही. आज दुपारी चौथं सेंटर भरलं.

पत्ता भरला, खुणेची जागा भरली. तळमजला, व्हीलचेअर दारापर्यंत येते. वेळ सकाळी ९ ते ५. थेरपिस्ट: वैशाली गायकवाड, सोम ते शनि. दादरखालून तिचं नाव काढलं. शेवटी विचारतं, सेंटर चालू की बंद. चालू. सेव्ह.

सेव्ह केल्यावर बरं वाटलं. खूप दिवसांनी.

सासूबाईंना रात्री जेवताना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुका कित्याक व्हयो ह्यो उपद्व्याप?" भात वाढला त्यांना.

मंगळ., १८ मार्च

काल चालू झालं. आज काळाचौकीचं पहिलं रेफरल. परळच्या डॉ. नाडकर्णी बाईंनी पाठवलंय. काशिनाथ, वय ५४, शिवडीच्या गोदामात माल चढवायचं काम, पॅरालिसिस, उजवी बाजू गेली. बायकोने टॅक्सीतून आणला. टॅक्सी दारात लागली, वै. आणि तिने दोन बाजूंनी धरून आत घेतला. वै.चा फोन आला तेव्हा आवाजच वेगळा होता तिचा.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन.

गुरु., २० मार्च

सरांना कळलं. मला न सांगता त्यांनी काळाचौकी 'बंद' केलं. तिन्ही पेशंट आपोआप दादरला वळले, मेसेजही गेले.

काशिनाथची बायको सुलभाताई, तिचा फोन. दादरला गेली होती नवऱ्याला घेऊन. जिन्याखाली पाऊण तास. वर नेणार कोण? टॅक्सीवाला निघून गेलेला. शेवटी तशीच परत. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "ताई, आमचं काही चुकलं का?"

फोन ठेवला. परत 'चालू' केलं. कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. लिहिलं: सेंटर उघडं आहे, थेरपिस्ट हजर आहे, पेशंट वर चढू शकत नाही. खाली कोणी बदललं ते नाव आपोआप उमटतं. उमटू दे.

सोम., २४ मार्च

सकाळी लॉग-इन होईना. काढून घेतलंय. काळाचौकी परत 'बंद'. टेबलावर मेमो: वरिष्ठांच्या सूचनेविरुद्ध प्रणालीत फेरफार केल्याबद्दल दोन दिवसांत खुलासा द्यावा.

आत्ता मात्र लेखी जमलं.

खुलासा मराठीत, एक पान. ६ तारखेला लेखी मागितलं होतं, मिळालं नाही. सेंटर बंद करायचा ठराव नाही. चालू सेंटर चालू आहे असं भरलं, हे माझं काम आहे. सुलभाताई आणि दादरचा जिना, तेही लिहिलं. माफी कुठे लिहिली नाही. दे. सरांनी वाचून विचारलं, दिलगीर आहे एवढं तरी घालता का, मी मिटवतो. नाही म्हटलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. वरून त्यांनाही ऐकावं लागत असणार. तरी नाही.

शुक्र., २८ मार्च

विश्वस्तांसमोर बोलावलं. वै.लाही. डॉ. नाडकर्णी बाईंचं पत्र आलं होतं, काळाचौकी यादीतून का गेलं म्हणून. मी मागितलं नव्हतं. त्यांनी आपणहून दिलं.

अध्यक्षांनी विचारलं, परवानगी कोणाची घेतली? मी म्हटलं, "चालू सेंटर भरायला परवानगी कशाला लागते? बंद करायचा ठराव दाखवा, मी स्वतः नाव काढते."

त्यांनी कागद चाळले. मग वै.ला विचारलं, दादरला जायला हरकत काय? ती म्हणाली, मी जाईन हो, माझे पेशंट कसे येतील ते सांगा. ती कधी एवढंसुद्धा बोलत नाही.

निर्णय राखून ठेवलाय. माझाही, खोलीचाही. सोमवारी कळवतो म्हणाले. खाली उतरलो. वै. म्हणाली चहा घेऊ. दोघींनी दोन-दोन घेतले.

शनि., २९ मार्च

ऑफिसला सुट्टी. तरी नऊला काळाचौकीला. स्क्रीनवर सेंटर बंद, पण नाडकर्णी बाई साध्या कागदावर पत्ता लिहून पेशंट पाठवतायत. दे. सरांनी वै.ला फोनवर बजावलंय, सिस्टीममधून आला नाही तो पेशंट घ्यायचा नाही. तिने विचारलं, लेखी देता का. मला हसू आलं.

दोनशे पानी वही घेऊन गेले होते. दाराशी खुर्ची टाकून बसले. नाव, वय, कुठून आला, कोणी पाठवला, सही किंवा अंगठा. आकडे हवेत ना, हे घ्या. काशिनाथने डाव्या हाताने सही केली, अर्ध्या पानभर. सुलभाताई लाजली. म्हटलं, असू दे, लांबून दिसेल.

एकपर्यंत अकरा झाले. वै.ने आतून विचारलं, सोमवारी काय होईल गं?

म्हटलं, माहीत नाही. बारावा आलाय, आत घे.