शालिनीचा गंधार

९ मार्च, बारामती
पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मिस्सासाठी केलेलं 'देवाच्या कोकरा' हे गीत आज चर्चच्या कोयरला दिलं. दोन महिने चाल बसत नव्हती. एकटीनं म्हणायची ओळ शालिनीला. इंदापूरहून दर रविवारी एसटीनं येते. अकरा वर्षं माझ्या चाली तिच्याच गळ्यावर बेतलेल्या. आज तिचा कोमल गंधार चढा लागत होता. तीनदा सांगून पाहिलं. मग सगळ्यांसमोर नको ते बोललो. वही मिटून निघून गेली.

१६ मार्च
शालिनी नाही. फादरांना म्हणालो, तिचा सूर सुटलाय.
घरी पेटीवर बसलो तर तोच गंधार चढा. पेटी बिघडली असणार.

१८ मार्च
पेटीवाल्यानं सूर मोजायचं मशीन लावून दाखवलं. पेटी ठीक.

२१ मार्च
कानाचे डॉक्टर. डाव्या कानाची नस गेलीय, एकच सूर दोन कानांना वेगवेगळा पोचतो. बरं होण्यातलं नाही. कधीपासून, ते त्यांनाही सांगता येईना.
म्हणजे ती बरोबर गात होती.
घरी बायको, फिलो म्हणाली, आधी शालिनीकडे जाऊन या.

३० मार्च
आज इंदापूरला गेलो. नऊ दिवस लागले धीर व्हायला. दारात तिचे वडील. "मास्तर, पोरगी घरात गुणगुणत बी न्हाय आता." शालिनीला सगळं सांगितलं, माफी मागितली. ती मग म्हणाली, "सर, अकरा वर्षं तुम्ही माझ्या चुका काढल्या. त्यातल्या खऱ्या किती?"
चहा तसाच राहिला.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
ती ओळ आता अ‍ॅग्नेसला दिलीय. कोयरमधली सगळ्यात लहान. ती गाते तेव्हा मी बाकीच्यांचे चेहरे बघतो. कुणी कपाळाला आठी घालतं का एवढंच. चालच चुकीची केली असेल तर? आणि आधीच्या सगळ्या...
प्रार्थना होत नाही.

२० एप्रिल, पास्काचा सण
मिस्सा झाला. छान झालं म्हणतात. शालिनी शेवटच्या बाकावर होती, तोंड मिटून. बाहेर गाठलं, विचारलं, अ‍ॅग्नेसचा गंधार लागला का?
"तुम्हाला खरंच कळलं नाही?"
नाही म्हणालो. सूर कळला नाही, असं आजवर कुणापुढे म्हटलं नव्हतं.
ती माझ्याबरोबर थांब्यावर आली, माझ्या उजव्या, चांगल्या कानाच्या बाजूला उभी राहिली. इंदापूरची गाडी आली, गेली. ती चढली नाही. मीही हललो नाही.