बॅगपाईप परत करण्याबाबत

संगमनेर, १७ मार्च २०२५

चि. समर्थ यास मावशीचे आशीर्वाद (या पत्राचे उत्तर येईपर्यंत तात्पुरते).

शनिवार, १५ मार्च, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तू कॉलेजच्या मैदानावर तुझ्या कैलासवासी काकांची बॅगपाईप वाजवलीस आणि शेजारी तुमच्या बँडचा गायक, तो पुंजाराम, नरड्यात काटा अडकल्यासारखा ओरडत होता. तुझी प्रकृती उत्तम असावी. तोंडाला फासलेल्या पांढऱ्या रंगावरून तसं वाटलं नाही. माझं बरं आहे, बीपी सोडून.

तू म्हणशील, मावशी, तूच दिलीस. दिली, पण कशी? दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. दीड तास. कर्जतहून आलेले भिमाजी भावोजी हात जोडून म्हणाले, "दादा, इहिरीचं मी बघतो, या आता." शेजारच्या छबूबाईंनी देवळाला घंटा कबूल केली. मी म्हणाले, माझी काळजी करू नका, मी एकटी नीट राहीन. (होता तो एक कावळाही उठून लांब बाभळीवर जाऊन बसला.) मग पुण्याच्या कार्यक्रमातून थेट आलेला तू, कानामागे अजून तो रंग, पुढे होऊन बोललास, "काका, तुमची पाईप मी बँडमध्ये वाजवीन," आणि चार कावळे एकदम! लोकांनी डोळे पुसले, गुरुजींनी चपला घातल्या. तिथे मी नाही कशी म्हणणार?

पण बावीस वर्षं सैन्याच्या बँडमध्ये जिने त्यांना उभं ठेवलं, ती तुमच्या केल्टिक ब्लॅक मेटल नावाच्या किंचाळत्या संगीतात? स्कॉटलंडची पाईप, आयर्लंडची शिट्टी (कॉन्व्हेंटच्या आयरिश सिस्टर तसल्याच शिट्टीवर आम्हाला प्रार्थना शिकवायच्या) आणि वर पुंजाराम! तुमच्या गाण्यांत सगळे मेलेले, चहूकडे बर्फ आणि देव रजेवर. संगमनेरला मार्चमध्ये बर्फ!

पाईप परत कर. तिच्यात त्यांचा श्वास आहे. माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही.

तुझी मावशी,
राजेश्वरी

ता.क. तिसऱ्या गाण्यात पुंजाराम दम खायला थांबला, तेव्हा अर्धं मिनिट नुसती पाईप होती. शेवटचा सूर तू यांच्यासारखाच जरा खाली सोडतोस. सुट्टीत यांनी शिकवलेलं विसरला नाहीस.

ता.क. २. नुसती पाईप घेऊन मी काय करू? मला फुंकता येत नाही. दर रविवारी दहा ते बारा रियाज माझ्या दिवाणखान्यात करा. पुंजारामही चालेल. शेजाऱ्यांशी मी भांडेन. येणार की नाही ते सोमवार, २४ मार्च, सकाळी अकराच्या आत लेखी कळव. फोन मी उचलणार नाही. फोनवर माझा आवाज नीट राहत नाही.