बंदराबाहेरची न्याहारी

पाल्मा, १० जून

ती. बार्तोमेउमामांस कोलोमाचा सा. न. वि. वि.

रिसागाचे दिवस आले. वर आफ्रिकेकडची गरम हवा आणि खाली गार थर असला, की हवेच्या दाबातले धक्के समुद्रावरून धावतात आणि आपल्या अरुंद बंदरातलं पाणी काही मिनिटांत ओसरून पुन्हा उसळतं; हाच रिसागा. हे तुम्हाला ठाऊक आहे. वेधशाळा पगार देते म्हणून लिहिते.

मी फोन केला, की नाव बाहेर न्यायची. वादळात करतात तसे दोर आवळून धक्क्याला ठेवायची नाही. पाणी ओसरलं की बादली घेऊन तळाशी ऑक्टोपस वेचायला उतरायचं नाही. गेल्या वर्षीचे माझे इशारे फुकट गेले, लाट आलीच नाही, हे मान्य. यंदाचाही जाऊ शकतो.

मामींना नमस्कार.

आपली,
कोलोमा

सिउतादेया, २७ जून

चि. कोलोमास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा सान जोआनची जत्रा उरकून गाव डोकं धरून बसलं होतं. समुद्र तेलासारखा शांत. मी दोर सोडताना शेजारचा तोफोल ओरडला, की भाचीबाईंनी फुंकर मारली वाटतं, निघाले मामा! मग त्याने स्वतःच्या नावेचे दोर आणखी आवळले, पाव-सॉसेज बांधून घेतलं आणि माझी फजिती बघायला माझ्याच नावेत चढला.

बाहेर खाताखाता तो तुझी टिंगल करत होता. तेवढ्यात बंदरातून आरडाओरडा ऐकू आला. सगळं निवल्यावर परतलो. पाणी गेलं तेव्हा तोफोलची नाव आवळलेल्या दोरांना लटकली होती, आणि पाणी परत आलं तेव्हा धक्क्यावर आपटून फुटली. एरवी ऊन चढलं की तो त्याच नावेत पाय पसरून घोरत असतो. त्याने तरंगणाऱ्या फळ्या ओढून धक्क्यावर रचल्या. मग म्हणाला, की तुझी भाची आगाऊ आहे ती आहेच, पण तिला माझ्याकडून चीज पाठव.

बादली तुझ्या मामीने आधीच लपवली होती. तुमचं संगनमत दिसतंय.

पोरी, पुढचा इशारा फुकट गेला तरी मी निघेन. पाव तोफोल आणणार आहे. आमच्यावर माया ठेव.

तुझा,
मामा

पाल्मा, २ जुलै

ती. मामांस सा. न. वि. वि.

चीज पोचलं. ऑफिसात सगळ्यांना वाटून दिलं. माझा तुकडा मोठा होता.

त्या दिवशी आलेख स्पष्ट नव्हता. फोन करावा की नाही, हे ठरत नव्हतं. आणखी एक इशारा वाया गेला असता, तर पुढे कुणी ऐकलं नसतं. विश्वास नसतानाही तुम्ही निघालात, याबद्दल मी आभारी आहे.

तोफोलकाकांना सांगा, माझी टिंगल चालू ठेवा. फक्त ती मामांच्या नावेत बसून करा.

आहे तो लोभ असाच राहो.

आपली,
कोलोमा